बिनतारी नावेचा जनक : निकोला टेस्ला

सोलापूर जिल्ह्यातील मोडनिंबच्या शिवारात विहिरीवर किंवा बोअरवर पाणी उपसणारी थ्री-फेज मोटार आणि हौशी मंडळी तळ्यात सोडतात ती रेडिओवर चालणारी खेळण्यातली बोट, यांचा एकमेकींशी संबंध असेल असे सहसा कुणाच्या मनात येत नाही. प्रत्यक्षात या दोन्हींच्या मुळाशी एकच माणूस आहे. निकोला टेस्ला यांनी जगाला प्रत्यावर्ती विजेवर चालणारी मोटार दिली आणि त्यानंतर दहा वर्षांनी दुरून बिनतारी चालवता येणारी पहिली नावही दिली. मात्र या नावेसाठी मोटार आणि बॅटरी निवडण्याची वेळ आली तेव्हा त्यांना स्वतःचीच जगप्रसिद्ध मोटार बाजूला ठेवावी लागली.

टेस्ला यांचा जन्म १० जुलै १८५६ रोजी तेव्हाच्या ऑस्ट्रियन साम्राज्यातील आणि आजच्या क्रोएशियातील स्मिल्यान या खेड्यात, एका सर्ब धर्मगुरूच्या घरी झाला. घरगुती उपयोगाची अवजारे स्वतः घडवणाऱ्या आईकडून यंत्रांची ओढ मिळाल्याचे ते मानत. ग्राट्झ येथील तंत्रशाळेत शिकत असताना एकदिश विजेवरचे यंत्र त्यांच्या पाहण्यात आले. त्याच्या ब्रशांपाशी सतत ठिणग्या उडत होत्या. ब्रश आणि कम्युटेटर यांना फाटाच देता येईल का, या प्रश्नाने त्यांना पछाडले. ही कल्पना अशक्य आहे, असे प्राध्यापकांनी भर वर्गात ठरवून टाकले होते. अखेर १८८२ मध्ये बुडापेस्टच्या एका बागेत फिरताना टेस्ला यांना उत्तर सापडले. स्थिर वेटोळ्यांना एकापाठोपाठ एक अशी प्रत्यावर्ती वीज दिली, की चुंबकीय क्षेत्र स्वतःच फिरू लागते आणि मधला रोटर त्याच्यामागे धावतो.

सन १८८४ मध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले. एडिसन यांच्याकडची नोकरी काही महिन्यांतच सुटली. त्यानंतर १८८६-८७च्या हिवाळ्यात त्यांना खड्डे खणण्याची मजुरीही करावी लागली. मे १८८८ मध्ये अमेरिकेतील विद्युत अभियंत्यांच्या संस्थेपुढे त्यांनी आपली मोटार मांडली, तेव्हा परिस्थिती पालटली. उद्योगपती जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी त्यांची पेटंटे घेतली. शिकागोचे १८९३ सालचे जागतिक प्रदर्शन प्रत्यावर्ती विजेने उजळले आणि १८९६ मध्ये नायगरा धबधब्याची वीज बफेलो शहरात पोहोचली. आपल्याकडे १९१५ मध्ये खोपोलीच्या टाटा केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली, तीही याच मार्गाने.

मार्च १८९५ मधील आगीत टेस्ला यांची प्रयोगशाळा भस्मसात झाली. पण ते खचले नाहीत. नव्या प्रयोगशाळेत त्यांनी बिनतारी नियंत्रणाचे काम हाती घेतले. आता प्रश्न वेगळा होता. पाण्यात मोकळ्या फिरणाऱ्या नावेला वीजकेंद्राची तार जोडता येत नाही. तिला आपली ऊर्जा आपल्याच पोटात वाहून न्यावी लागते. बॅटरीतून मिळते ती एकदिश वीज. तिची प्रत्यावर्ती वीज करणारे आटोपशीर साधन त्या काळी नव्हते. त्यामुळे आयुष्यभर ज्या ब्रशांच्या मोटारीला पर्याय शोधला, तीच या नावेत बसवणे भाग होते. पुन्हा भारित करता येणारी प्रचलित बॅटरी म्हणजे शिसे आणि आम्लाची, म्हणजे वजनदार. नाव चालवायची तर वजन कमी हवे आणि अधिक वेळ चालवायची तर बॅटरी मोठी हवी, हा पेच तेव्हापासूनचा आहे.

टेस्ला यांनी कामाची वाटणी केली. एक मोटार पंखा फिरवण्यासाठी आणि दुसरी सुकाणू वळवण्यासाठी. बिनतारी लहरींनी मोटार चालत नसे. ती शक्ती बॅटरीचीच होती. लहर फक्त हुकूम देत असे. धातूच्या भुकटीने भरलेली नळी लहर येताच वीजवाहक बनत असे, त्यातून रिले चालत असे आणि एक चकती एकेक घर पुढे सरकून सुकाणूची दिशा ठरवत असे. हुकूम आणि ताकद यांची ही फारकत हाच या शोधाचा गाभा होय.

सन १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील तळ्यात सुमारे चार फूट लांबीची ही लोखंडी नाव लोकांनी पाहिली. कुणाला ती जादू वाटली, तर कुणाला आत माकड बसवले असावे अशी शंका आली. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला तिचे पेटंट मिळाले. स्पेनशी युद्धाचे ते वर्ष असूनही अमेरिकी नौदलाने या शोधात रस घेतला नाही. पुढे बिनतारी वीजवहनाचा वॉर्डनक्लिफ येथील महाप्रकल्प पैशाअभावी बंद पडला आणि त्याचा मनोरा १९१७ मध्ये पाडण्यात आला. न्यूयॉर्कमधील एका हॉटेलच्या खोलीत ७ जानेवारी १९४३ रोजी, वयाच्या ८६व्या वर्षी, टेस्ला एकाकी अवस्थेत निवर्तले. चुंबकीय क्षेत्राच्या घनतेच्या एककाला १९६० मध्ये त्यांचे नाव देण्यात आले.

आज मॉडेल बोट बांधणाऱ्यासमोर तोच हिशेब असतो, फक्त साधने बदलली आहेत. लिथियम-पॉलिमर बॅटरीचा एक घट साधारण ३.७ व्होल्टचा असतो. तीन घट मिळून ११.१ व्होल्ट होतात. २२०० मिलीअँपिअर-तासांच्या अशा बॅटरीत सुमारे २४ वॅट-तास ऊर्जा मावते. मोटार सरासरी १० अँपिअर ओढत असेल, तर बोट जेमतेम तेरा मिनिटे चालते. मोटारीवरचा केव्ही हा आकडा भाराविना दर व्होल्टमागे मिनिटाला किती फेरे होतात ते सांगतो. तो जितका मोठा, तितका पंखा लहान ठेवावा लागतो. अन्यथा पाण्याच्या रेट्याने प्रवाह वाढून मोटार तापते. बॅटरी तळाशी आणि मध्यभागी ठेवली, तर वळणावर बोट कलंडण्याचा धोका घटतो.

या बोटींत आता बहुधा ब्रशविरहित मोटार असते. बॅटरीची एकदिश वीज इलेक्ट्रॉनिक नियंत्रक तीन तारांमधून आळीपाळीने सोडतो आणि स्थिर वेटोळ्यांत फिरते चुंबकीय क्षेत्र तयार होते. रोटरवर कायमचुंबक असले, तरी कल्पना बुडापेस्टच्या बागेतलीच आहे. अडचण तत्त्वात कधीच नव्हती. बॅटरीची वीज त्या तत्त्वाला मानवेल अशी करून देणारा छोटासा दुवा १८९८ मध्ये अस्तित्वात नव्हता, एवढेच. तो सापडला तेव्हा टेस्ला यांची मोटार टेस्ला यांच्याच नावेत येऊन बसली, पण ते पाहण्यास ते उरले नव्हते.