परळच्या प्रयोगशाळेतून आशाताईंच्या पिशवीपर्यंत : डॉ. ल्युसी विल्स यांची गोष्ट

आशाताई गरोदर बाईला लाल गोळ्या देतात. आपण तिला नुसतं लोहाची गोळी म्हणतो. पण त्या एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं आणि सोबत अर्धा मिलिग्रॅम फोलिक ॲसिड. या फोलिक ॲसिडचा शोध सुरू झाला आपल्या मुंबईत, परळला, आणि तो सुरू केला एका इंग्रज बाईने. त्यांचं नाव डॉ. ल्युसी विल्स.

त्यांचा जन्म १० मे १८८८ रोजी इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमजवळ झाला. केंब्रिजला वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकल्या. परीक्षा पास झाल्या, पण तेव्हा केंब्रिज बायकांना पदवीच देत नव्हतं. पुढे पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला दक्षिण आफ्रिकेत होत्या, तिथे काही काळ रुग्णांची शुश्रूषा केली. मग परत येऊन लंडनच्या बायकांच्या मेडिकल कॉलेजात नाव घातलं आणि १९२० साली डॉक्टर झाल्या. वय बत्तीस. पण दवाखाना थाटला नाही, प्रयोगशाळेत रमल्या.

१९२८ साली त्या मुंबईत आल्या. गिरण्यांचा काळ होता. परळ-लालबागच्या चाळींमध्ये कोकणातून, घाटावरून आलेली कुटुंबं दाटीवाटीने राहायची. मुंबईच्या गरोदर बायांना एक विचित्र रक्तक्षय व्हायचा. गिरणीत राबणाऱ्या बायाही त्यात होत्या. बाई पांढरीफटक पडायची, धाप लागायची, आणि कित्येक जणी बाळंतपणाच्या आसपास जायच्या. रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की लाल पेशी संख्येने कमी पण आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या दिसायच्या. म्हणजे हा नुसता लोहाच्या कमतरतेचा प्रकार नव्हता.

हाफकिन संस्थेत काम सुरू झालं. आधी जंतूंमुळे होतंय का ते तपासलं. तसं काही हाती लागेना. मग विल्सबाईंनी बायांच्या घरची चौकशी केली : खाता काय, राहता कसं? या पाहणीच्या शोधनिबंधावर त्यांच्याबरोबर तळपदे यांचं नाव आहे, दुसऱ्या एकावर मेहता यांचं. इथल्या सहकाऱ्यांची नावं इतिहासात मागे पडतात, म्हणून मुद्दाम सांगितलं. पाहणीत आजार गरिबांत जास्त दिसला, त्यातही पडद्यात राहणाऱ्या गरीब मुस्लिम बायांमध्ये. त्यांच्या ताटात भाजी आणि फळं फारच कमी होती. विल्सबाईंचा संशय बाईच्या नशिबावर किंवा जातीधर्मावर गेला नाही, ताटावर गेला.

मग त्यांनी तसंच जेवण उंदरांना घातलं. गाभण माद्यांचं रक्त कमी झालं, काही व्यायच्या आधीच मेल्या. सुटलं कोडं, असं वाटलं. पण कुठलं काय! उंदरांच्या अंगावर उवा होत्या आणि उवांमधून पसरलेल्या एका जंतूमुळेही त्यांचं रक्त कमी होत होतं. सगळा हिशोब बिघडला. विल्सबाई माकडांकडे वळल्या. तसंच निकस अन्न खाऊन फार आजारी पडलेल्या एका माकडाला त्यांनी मार्माइट दिलं. मार्माइट म्हणजे बिअरच्या कारखान्यात उरलेल्या यीस्टचा काळा, खारट, चिकट अर्क. इंग्रज लोक तो पावाला लावून खातात. माकड झपाट्याने सुधारलं. मग बायांना दिलं. त्याही सुधारल्या. १९३१ साली हे छापून आलं.

गंमत अशी, की यीस्टमध्ये नेमकं काय गुण देतंय ते त्यांनाही माहीत नव्हतं. डॉक्टर लोक त्याला विल्स फॅक्टर म्हणू लागले. १९४१ साली अमेरिकेत पालकाच्या पानांतून एक पदार्थ वेगळा काढला गेला आणि लॅटिनमधल्या पानाच्या शब्दावरून त्याला फोलिक ॲसिड नाव मिळालं. विल्सबाईंच्या यीस्टमध्ये होतं ते हेच जीवनसत्त्व. आपल्याकडच्या पालेभाज्या, हरभरा, मटकी, शेंगदाणे यांत ते असतंच. फक्त भाजी फार शिजवली आणि पाणी ओतून दिलं की बरंचसं जातं.

पुढे त्या लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलात १९४७ पर्यंत होत्या. सायकलवरून कामाला जायच्या. लग्न केलं नाही. निवृत्तीनंतरही जमैका, फिजी अशा ठिकाणी जाऊन लोकांचं खाणं आणि रक्त तपासत राहिल्या. शेवटची काही वर्षं चेल्सीत मजूर पक्षाच्या नगरसेवक होत्या. १६ एप्रिल १९६४ रोजी वारल्या.

या कामाचा दुसरा अर्धा भाग मात्र त्यांना पाहायला मिळाला नाही. बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा ज्या नळीपासून बनतो, ती नीट बंद झाली नाही तर बाळात जन्मतः व्यंग राहतं. एकदा असं बाळ झालेल्या बायांनी पुढच्या वेळी दिवस जाण्याआधीपासून फोलिक ॲसिड घेतलं, तर तेच व्यंग पुन्हा होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटतं, हे १९९१ साली ब्रिटनच्या पुढाकाराने झालेल्या मोठ्या अभ्यासात दिसलं. नंतर कळलं, की काही जणांच्या एका जनुकात असा बदल असतो की शरीर हे जीवनसत्त्व नीट वापरू शकत नाही, आणि तिथे धोका थोडा वाढतो. जनुक बदलता येत नाही. ताटातली भाजी आणि गोळी मात्र देता येते.

पण ती नळी गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत बंद होते. म्हणून मूल हवं असेल तर डॉक्टरांना विचारून आधीच गोळी सुरू करायला सांगतात. आपल्याकडे बाई नाव नोंदवायला जाते, तेव्हा बहुतेक वेळा दुसरा-तिसरा महिना लागलेला असतो.