तारेवरचे आयुष्य

आर्ने लार्सन हे नाव आपल्या खान्देशात फारसे कुणाला ठाऊक असण्याचे कारण नाही. पण धुळे-जळगावात ज्या कुणाच्या छातीच्या कातडीखाली आज पेसमेकरची डबी आहे, त्या प्रत्येकाचे या स्वीडिश गृहस्थाशी नाते आहे. कारण जगात पहिल्यांदा शरीराच्या आत पेसमेकर बसवला गेला तो त्यांच्याच.

लार्सन यांचा जन्म 1915 चा. पेशाने इंजिनीअर. ऐन चाळिशीत एका संसर्गाने त्यांच्या हृदयाला धक्का दिला. हृदयाच्या वरच्या कप्प्यातून निघालेला विजेचा संदेश खालच्या कप्प्यांपर्यंत पोहोचेनासा झाला. नाडी मंदावे, मेंदूला रक्त पुरेना, आणि धडधाकट माणूस दिवसातून वीस-वीस, तीस-तीस वेळा बेशुद्ध पडे.

त्यांच्या पत्नी एल्से-मारी हातावर हात ठेवून बसणाऱ्या नव्हत्या. शल्यचिकित्सक ओके सेनिंग आणि अभियंता रूने एल्मक्विस्ट हे दोघे हृदयाला ठोके देणाऱ्या यंत्रावर प्रयोग करीत आहेत, असे त्यांना कळले. यंत्र अजून माणसासाठी तयार नाही, असे दोघांनीही सांगितले. तरी बाई हटेनात. कधी रुग्णालयात, कधी प्रयोगशाळेत त्यांनी खेटे घातले. अखेर 8 ऑक्टोबर 1958 रोजी स्टॉकहोमजवळच्या कारोलिन्स्का रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. यंत्राचा साचा कशाचा, तर बूटपॉलिशच्या डबीचा! ते पहिले यंत्र काही तासांतच बंद पडले. लगेच दुसरे बसवावे लागले, आणि तेही फार काळ टिकले नाही.

पहिल्याच घासाला खडा लागल्यावर दुसरा कुणी खचला असता. लार्सन यांनी मात्र पुढच्या त्रेचाळीस वर्षांत वीसहून अधिक यंत्रे बदलली. तारांचे संच पाच लागले. दर वेळी टाके, दर वेळी विश्रांती, आणि बरे वाटताच पुन्हा काम नि प्रवास.

या पाच तारांपाशी मी थबकलो, त्याला घरचे कारण आहे. माझे वडील, आम्ही त्यांना बापू म्हणतो, धुळ्याला असतात. मी जळगावला. पेसमेकर बसवून सहा वर्षे झाल्यावर त्यांना पुन्हा चक्कर येऊ लागली. तपासणीत यंत्र ठीक निघाले, तार खराब झालेली होती. बापूंना हे पटेना. एकदा चिरफाड झाली, आता पुन्हा नाही, असा त्यांनी हट्टच धरला. तेव्हा मी त्यांना शेतातली मोटार आठवायला सांगितले. मोटार चांगली, स्टार्टर चांगला, पण केबल आतून तुटली तर केळीच्या बागेला पाणी कसे मिळणार? हृदय दिवसाला सुमारे 1 लाख वेळा ठोका देते. प्रत्येक ठोक्याला ती तार किंचित वाकते. वर्षाला हे साडेतीन कोटींहून अधिक वेळा! कधी वरचे आवरण झिजते, कधी आतली तार तुटते.

बापू तयार झाले. जुनी तार वर्षानुवर्षे शिरेला चिकटलेली असते, ती ओढून काढणे जोखमीचे. म्हणून डॉक्टरांनी ती तशीच बंद करून ठेवली आणि शेजारून नवी घातली. खरी परीक्षा घरी आल्यावर होती. नवी तार हृदयात पक्की रुजेपर्यंत, म्हणजे चार ते सहा आठवडे, त्या बाजूचा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, बादली उचलायची नाही, मोटारसायकल चालवायची नाही. मात्र हात बांधूनही ठेवायचा नाही, नाहीतर खांदा आखडतो. सुरुवातीला जखमेभोवती काळेनिळे झाले, ते हळूहळू ओसरले. दहाव्या दिवशी बापूंच्या सदऱ्यावर आईला ओला डाग दिसला. कुणी शेकायला सांगितले, कुणी हळद लावायला. आईने काहीही लावू दिले नाही. मला फोन केला, आणि त्याच दिवशी एरंडोल-पारोळ्याच्या रस्त्याने आम्ही बापूंना जळगावला आणले. संसर्ग वरवरचा होता, औषधांनी आटोक्यात आला. तो डबीपर्यंत पोहोचला असता, तर डबी आणि तारा सगळेच काढावे लागले असते.

एल्से-मारी आणि माझी आई यांच्यात हजारो मैलांचे अंतर, भाषा वेगळी, जग वेगळे. पण यंत्र कितीही चांगले असले तरी माणूस जगतो तो घरातल्या जागत्या डोळ्यांमुळे, हे दोघींच्या बाबतीत खरे ठरले. जखम लाल होणे, सुजणे, पाझरणे, ताप येणे, पुन्हा चक्कर, धाप किंवा न थांबणारी उचकी, यांतले काहीही दिसले तर वाट पाहायची नसते.

लार्सन यांनी आपल्या दोन्ही तारणहारांचा शेवट पाहिला. एल्मक्विस्ट 1996 मध्ये गेले, सेनिंग 2000 मध्ये. लार्सन 28 डिसेंबर 2001 रोजी गेले, वयाच्या 86 व्या वर्षी, आणि तेही कर्करोगाने. ज्या हृदयाची 1958 मध्ये कुणी खात्री देत नव्हते, त्याने शेवटपर्यंत साथ दिली.

पुन्हा शस्त्रक्रिया म्हणजे पहिली फुकट गेली, असे आपल्याकडे वाटते. लार्सन यांच्या लेखी ती आणखी काही वर्षांची बेगमी होती. तुमच्या घरात कुणाच्या छातीत अशी डबी असेल, तर तिची शेवटची तपासणी कधी झाली, एवढे आज जेवताना जरूर विचारा.