मालबेकची वेल आणि एक शाळामास्तर

दरवर्षी १७ एप्रिल हा दिवस जगातील अनेक शहरांत 'जागतिक मालबेक दिन' म्हणून साजरा होतो. अर्जेंटिनाच्या वाइनचा परदेशात प्रसार करणाऱ्या संस्थेने २०११ साली ही प्रथा सुरू केली. मालबेक हे काळ्या-जांभळ्या सालीचे, मूळचे फ्रान्समधील द्राक्ष. त्यापासून होणारी गडद लाल वाइन आज जगभरच्या रसिकांपर्यंत पोहोचली आहे. परंतु ती फ्रान्सच्या नव्हे, तर अर्जेंटिनाच्या नावाने. गंमत अशी की, ही तारीख कोणा मद्यनिर्मात्याच्या जन्माची नाही, की पहिली बाटली भरली गेल्याचीही नाही. १८५३ मध्ये या दिवशी मेंदोसा प्रांताच्या विधिमंडळासमोर एक कृषिशाळा आणि तिला जोडून रोपवाटिका काढण्याचा प्रस्ताव मांडला गेला, त्याची ही आठवण. या प्रस्तावामागे ज्यांचा ध्यास होता ते दोमिंगो फाउस्तिनो सार्मिएंतो पेशाने बागायतदार नव्हते. ते होते शाळामास्तर, पत्रकार, हद्दपारी भोगलेले राजकारणी आणि पुढे देशाचे राष्ट्राध्यक्ष.

सार्मिएंतो यांचा जन्म १५ फेब्रुवारी १८११ रोजी अँडीज पर्वताच्या पायथ्याशी वसलेल्या सान हुआन या गावी झाला. स्पेनच्या सत्तेविरुद्ध उठाव होऊन तेव्हा जेमतेम वर्ष होत आले होते. वडील स्वातंत्र्ययुद्धात सैनिक, एरवी खेचरांच्या तांड्यांबरोबर भटकणारे. घराचा गाडा ओढला तो आई पाउला आल्बार्रासिन यांच्या हातमागाने. अंगणात अंजिराचे एक जुने झाड होते आणि त्याच्या सावलीत आईचा माग चाले. पुढे घरात नव्या चालीरीतींचे वारे शिरले, बहिणींना ते झाड गावंढळ वाटू लागले आणि आईचा विरोध न जुमानता त्यावर कुऱ्हाड चालली. १८५० साली प्रसिद्ध केलेल्या आठवणींच्या पुस्तकात सार्मिएंतो यांनी हा प्रसंग मोठ्या हळवेपणाने लिहिला आहे. जुने तोडून नवे लावण्याची घाई आणि तोडलेल्याबद्दलची हळहळ, या दोन्ही गोष्टी त्यांच्या स्वभावात अखेरपर्यंत शेजारी शेजारी नांदल्या. मात्र बहुतेक वेळा घाईचीच सरशी झाली.

१८१६ मध्ये सान हुआनला सरकारी शाळा निघाली, तेथे त्यांचे प्राथमिक शिक्षण झाले. राजधानी ब्युनॉस आयर्स येथील शिक्षणासाठी शिष्यवृत्ती होती. परंतु निवड चिठ्ठ्या टाकून व्हायची आणि त्यांच्या नावाची चिठ्ठी काही निघाली नाही. ही खंत त्यांना आयुष्यभर पुरली. वयाच्या पंधराव्या वर्षी धर्मगुरू असलेल्या एका आप्ताबरोबर ते सान लुईस प्रांतातील खेड्यात गेले आणि तेथे त्यांनी लोकांना अक्षरओळख करून देण्यास आरंभ केला. त्यांचे काही विद्यार्थी वयाने गुरुजींपेक्षा मोठे होते. पुढच्या खळबळीच्या आयुष्यात त्यांनी अनेक पदे भूषविली, पण ही पहिली भूमिका त्यांनी कधी सोडली नाही.

स्वातंत्र्यानंतरचा अर्जेंटिना यादवीत सापडला होता. मध्यवर्ती सत्ता बळकट असावी म्हणणारा एक पक्ष आणि प्रांतांची स्वायत्तता हवी असणारा दुसरा. सार्मिएंतो पहिल्या पक्षाचे. त्या पक्षाचा पाडाव होताच १८३१ मध्ये त्यांना पर्वत ओलांडून चिलीत आश्रय घ्यावा लागला. तेथे त्यांनी शाळेत शिकविले, दुकानात कारकुनी केली, चांदीच्या खाणीत मुकादम म्हणूनही काम केले. १८३६ मध्ये ते आजारी अवस्थेत मायदेशी परतले आणि तीन वर्षांनी सान हुआनमध्ये त्यांनी मुलींची शाळा व एक वृत्तपत्र सुरू केले. वृत्तपत्राचे आयुष्य काही आठवड्यांचेच ठरले. १८४० मध्ये पुन्हा हद्दपारी वाट्याला आली. देश सोडताना वाटेतल्या एका भिंतीवर त्यांनी कोळशाने एक फ्रेंच वाक्य लिहिले, ही हकीकत अर्जेंटिनाच्या शाळकरी मुलांना आजही ठाऊक असते. विचारांचा वध करता येत नाही, हा त्याचा आशय. फ्रेंच त्यांनी ऐन तारुण्यात, बहुतांशी स्वतःच्या बळावर आत्मसात केली होती. फ्रान्सविषयीच्या त्यांच्या ओढीचे मूळ येथे आहे.

चिलीतील दुसरा मुक्काम मात्र फलदायी ठरला. मंत्री मान्वेल मोंत यांचा त्यांना आधार मिळाला. १८४२ मध्ये सान्तियागो येथे शिक्षकांसाठी अध्यापन विद्यालय निघाले, लॅटिन अमेरिकेतील ते पहिलेच. त्याचे प्रमुखपद सार्मिएंतो यांच्याकडे आले. १८४५ मध्ये त्यांचा 'फाकुन्दो' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. एका प्रांतिक पुंडाच्या चरित्राच्या मिषाने त्यांनी त्यात हुकूमशहा रोसास याच्या राजवटीवर प्रहार केले आणि आपल्या देशाचा झगडा हा सुधारणा आणि रानटीपणा यांच्यातील आहे, असा सिद्धान्त मांडला. सुधारणा म्हणजे शहर, शाळा, युरोप. रानटीपणा म्हणजे उघडे माळरान आणि त्यावरचा घोडेस्वार गुराखी. हा सिद्धान्त जितका प्रभावी तितकाच घातक ठरला. त्याकडे पुढे वळूच.

त्याच वर्षी चिली सरकारने त्यांना शिक्षणपद्धतींच्या अभ्यासासाठी परदेशी धाडले. १८४८ पर्यंतच्या या प्रवासात त्यांनी फ्रान्स, स्पेन, इटली, अल्जीरिया आणि अमेरिका पाहिली. अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञ होरेस मान यांच्या भेटीने ते भारावून गेले. परदेशात चांगले दिसेल त्याचे बी, रोप, पुस्तक अथवा माणूस आपल्या देशी आणायचा, हे सूत्र येथपासून पक्के झाले. पुढे पराना नदीच्या मुखाजवळच्या बेटांवर टोपल्या विणण्यासाठी लागणाऱ्या वाळुंजाची लागवड त्यांनी रुजविली, हे याच सूत्राचे उदाहरण.

सान्तियागोत 'किंता नॉर्माल' नावाची एक सरकारी प्रायोगिक बाग होती. परदेशी झाडे आणायची, त्यांची पारख करायची, माणसे तयार करायची आणि मग रोपे शेतकऱ्यांना द्यायची, अशी तिची पद्धत. अध्यापन विद्यालयाचेच हे शेतीतील रूप. पर्वतापलीकडच्या आपल्या मुलखातही अशी संस्था हवी, असा आग्रह सार्मिएंतो यांनी धरला. १८५२ मध्ये रोसासचा पाडाव झाला. नव्या सत्ताधीशाशीही लगेच बिनसल्यामुळे सार्मिएंतो चिलीतच होते; परंतु मेंदोसाचे राज्यपाल पेद्रो पास्कुआल सेगुरा यांना ही कल्पना पटली. १७ एप्रिल १८५३ रोजी प्रस्ताव आला आणि ६ सप्टेंबरला त्याला कायद्याचे रूप मिळाले. संस्थेची धुरा मिशेल एमे पूजे या फ्रेंच कृषितज्ज्ञाकडे सोपविण्यात आली. चिलीहून त्यांनी फ्रेंच द्राक्षांच्या विविध जातींच्या काड्या मेंदोसात आणल्या. त्यांत मालबेक होते.

मेंदोसाला द्राक्षे नवीन नव्हती. स्पॅनिश धर्मोपदेशकांनी सोळाव्या शतकात आणलेली 'क्रिओला' जातीची द्राक्षे तेथे पिकत. वाइनही होई, पण ती साधीसुधी, गावची गावात खपणारी. मालबेकचे कूळ निराळे. नैर्ऋत्य फ्रान्समधील काओर परिसरात लॉट नदीच्या काठी या द्राक्षाची जुनी परंपरा. तेथे त्याला 'को' असेही म्हणतात. त्याची वाइन इतकी गडद की काओरची 'काळी वाइन' मध्ययुगापासून ख्यातनाम होती. बोर्दोच्या मळ्यांतही ते मोठ्या प्रमाणावर लावले जाई. मात्र पीक नाजूक. फुलोऱ्यात हवा थंड-ओलसर राहिली की फुलगळ होते, मणी धरत नाहीत. दंव आणि बुरशी यांचाही त्रास. मेंदोसात हवा कोरडी, ऊन लख्ख, रात्री थंड आणि पाणी बर्फाच्छादित अँडीजमधून पाटांनी येणारे. स्थानिक उआर्पे लोकांनी स्पॅनिश येण्याआधीच या पाटांचा पाया घातला होता. फ्रान्समध्ये कुरकुरणारी ही वेल येथे जोमाने फोफावली. शेतकरी तिला नुसते 'फ्रेंच द्राक्ष' म्हणू लागले.

अवघ्या काही वर्षांत नियतीने वेगळेच दान टाकले. १८६० च्या दशकापासून फिलॉक्सेरा या मुळे पोखरणाऱ्या किडीने फ्रान्सचे द्राक्षमळे उद्ध्वस्त केले. अमेरिकी खुंटांवर कलमे बांधून मळे पुन्हा उभे राहिले, तेव्हा बोर्दोच्या बागायतदारांनी मालबेकला पूर्वीचे स्थान दिले नाही. पुढे फेब्रुवारी १९५६ च्या कडाक्याच्या थंडीत उरल्यासुरल्या वेलींपैकी बहुतेक गारठून मेल्या. अशा रीतीने माहेरी वंश खुंटत असताना सासरी मात्र जुन्या फ्रेंच मालबेकचे वाण टिकून राहिले.

सार्मिएंतो यांचे राजकीय आयुष्य इतके निर्मळ नव्हते. १८६२ मध्ये ते सान हुआनचे राज्यपाल झाले. शेजारच्या प्रांतातील बंडखोर नेते पेन्यालोसा शरण आल्यावर नोव्हेंबर १८६३ मध्ये त्यांना ठार करून त्यांचे मस्तक खांबावर टांगण्यात आले. सार्मिएंतो यांनी या कृत्याचे समर्थन केले. गुराखी आणि मूळ रहिवासी यांच्याविषयी त्यांनी जे लिहिले ते आज वाचवत नाही. माणसांच्या बाबतीतही एक वाण उपटून दुसरे लावता येते, अशी त्यांची धारणा होती आणि तिची किंमत इतरांनी मोजली. त्यांच्या कर्तृत्वाचे गुणगान करताना हा रक्ताचा डाग झाकून चालणार नाही.

दुःख त्यांच्याही दारी आले. ते अमेरिकेत राजदूत असताना, सप्टेंबर १८६६ मध्ये, पॅराग्वेविरुद्धच्या युद्धात कुरुपायती येथे त्यांचा दत्तक पुत्र दोमिंगितो मारला गेला. वय अवघे एकवीस. वीस वर्षांनी, उतारवयात, सार्मिएंतो यांनी मुलाचे चरित्र लिहून प्रसिद्ध केले.

परदेशी असतानाच त्यांची राष्ट्राध्यक्षपदी निवड झाली. १८६८ ते १८७४ या सहा वर्षांत शाळांतील मुलांची संख्या सुमारे तीस हजारांवरून एक लाखापर्यंत गेली. १८६९ मध्ये देशाची पहिली जनगणना झाली, तीत सत्तर टक्क्यांहून अधिक लोक निरक्षर आढळले. १८७० मध्ये पराना येथे अध्यापन विद्यालय निघाले, कोर्दोबाला वेधशाळा उभी राहिली, अमेरिकेतून शिक्षिका बोलावण्यात आल्या. टीकाही कमी झाली नाही. १८७१ मध्ये ब्युनॉस आयर्समध्ये पीतज्वराने हजारो माणसे दगावत असताना राष्ट्राध्यक्षांनी राजधानी सोडली, याबद्दल लोकांनी त्यांना क्षमा केली नाही. १८७३ मध्ये त्यांच्यावर गोळीबार झाला. पण ते इतके बहिरे झाले होते की, आपल्या जिवावर बेतले होते हे त्यांना नंतर सांगावे लागले.

१८८४ मध्ये मोफत, सक्तीच्या आणि धर्मनिरपेक्ष प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला, त्यासाठीही वृद्ध सार्मिएंतो झुंजले. पुढच्याच वर्षी मेंदोसापर्यंत रेल्वे पोहोचली. इटली आणि स्पेनहून आलेली स्थलांतरितांची कुटुंबे द्राक्षमळ्यांकडे वळली आणि वाइनची पिंपे राजधानीकडे निघाली. रोपवाटिका उभी करणारे पूजे मात्र हे पाहण्यास उरले नव्हते. १८७५ मध्येच त्यांचे निधन झाले होते. प्रकृतीसाठी उबदार हवा हवी म्हणून सार्मिएंतो यांनी अखेरचे दिवस पॅराग्वेत घालविले, ज्या भूमीने त्यांचा मुलगा गिळला होता त्याच भूमीवर. ११ सप्टेंबर १८८८ रोजी आसुन्सिओन येथे त्यांचे देहावसान झाले. त्यांची पुण्यतिथी अर्जेंटिनात शिक्षक दिन म्हणून पाळली जाते.

मालबेकला जगाच्या बाजारात उभे राहण्यास आणखी शंभर वर्षे लागली. दीर्घकाळ अर्जेंटिनाची वाइन अर्जेंटिनातच रिचविली जाई आणि तिच्यात गुणापेक्षा परिमाणाला महत्त्व होते. १९८० च्या दशकात खप घटला, सरकारने मळे उपटण्यास उत्तेजन दिले आणि मालबेकचे क्षेत्र सुमारे दहा हजार हेक्टरपर्यंत खाली आले. त्यानंतर निकोलास कातेना यांच्यासारख्या उत्पादकांनी समुद्रसपाटीपासून हजार ते दीड हजार मीटर उंचीवर बागा लावून, कमी पण कसदार पीक घेऊन मालबेकच्या बाटल्या अमेरिका आणि ब्रिटनच्या बाजारात नेल्या. आज अर्जेंटिनात चाळीस हजारांहून अधिक हेक्टरांवर मालबेक उभे आहे आणि त्यातील फार मोठा वाटा मेंदोसाचा आहे. या यशाने मूळ गावाचेही डोळे उघडले. काओरच्या वाइनमध्ये किमान सत्तर टक्के मालबेक असावे लागते. तेथील उत्पादक आता आपल्या बाटल्यांवर अर्जेंटिनाने गाजविलेले 'मालबेक' हे नाव अभिमानाने छापतात.

अर्जेंटिनाचा युरोप करावा, हे सार्मिएंतो यांचे स्वप्न होते. ते पुरे झाले नाही आणि झाले तेवढ्यासाठी मोल फार पडले. फ्रान्सहून आलेल्या त्या वेलीने मात्र मेंदोसाचा फ्रान्स केला नाही. उआर्पे लोकांच्या पाटाचे पाणी पीत ती स्वतःच अर्जेंटिनाची झाली. परके वाण आणावे, पण त्याला इथल्या मातीने घडवू द्यावे, हे शहाणपण 'फाकुन्दो'च्या कर्त्याला साधले नाही. त्याने मागून घेतलेल्या रोपवाटिकेला मात्र ते साधले.