माधव जूलियन आणि मराठी गज्जल

बडोदे हे परप्रांतस्थ मराठी माणसाचे जुने माहेरच. तेथे २१ जानेवारी १८९४ रोजी माधव त्रिंबक पटवर्धन, म्हणजेच कवी माधव जूलियन, यांचा जन्म झाला. इंग्रजीबरोबर फारसीचाही व्यासंग करून ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात फारसीचे अध्यापक झाले. १९२३ साली स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाचे ते अग्रणी कवी होते.

गज्जलेचा नाद त्यांच्या आधीही मराठी रंगभूमीवर ऐकू येत असे. पण माधवरावांना तो केवळ चालीपुरता नको होता. गज्जलेच्या पहिल्या द्विपदीत दोन्ही चरणांना, पुढे प्रत्येक द्विपदीच्या दुसऱ्या चरणाला काफिया, म्हणजे यमक, सांभाळावे लागते. त्यामागून रदीफ असल्यास ती जशीच्या तशी पुन्हा यावी लागते. शिवाय वृत्त अखेरपर्यंत एकच. प्रस्तुत लेखकाने तरुणपणी निव्वळ कानाच्या भरवशावर दोन-चार गज्जला रचून पाहिल्या होत्या; त्यांत यमके होती, गज्जल नव्हती! माधवरावांनी मुळाशी जाऊन फारसी वृत्तांचे लघुगुरू तपासले आणि ती मराठीत रुजविली. लघू-गुरू-गुरू-गुरू हा तुकडा चार वेळा आला की वियद्गंगा हे वृत्त होते. फारसीतील हजज वृत्ताचेच ते मराठी रूप होय. या साधनेचे फळ म्हणजे १९३३ सालचा 'गज्जलांजलि' हा संग्रह.

तरीही एक उणीव राहिली असे मला वाटते. गज्जलेतील प्रत्येक शेर स्वतंत्र, आपल्या पायांवर उभा असतो. माधवरावांच्या गज्जला पुष्कळदा भावगीतासारख्या एकाच भावनेच्या ओघात वाहतात. शेराचे ते स्वातंत्र्य मराठीत ठसविण्याचे श्रेय पुढे सुरेश भटांकडे गेले. परंतु वृत्तांची वाट माधवरावांनी आधीच बांधून ठेवली होती.

'छंदोरचना' या त्यांच्या ग्रंथाला मुंबई विद्यापीठाने १९३८ साली डी.लिट्. दिली. १९३६ च्या जळगाव साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांना लाभले होते. नवल असे की, ज्यांनी १९२५ साली फारसी-मराठी कोश सिद्ध केला, तेच उत्तरायुष्यात भाषाशुद्धीचे कट्टर पुरस्कर्ते झाले आणि स्वतःच्या जुन्या कवितांतून फारसी शब्द वेचून काढू लागले. २९ नोव्हेंबर १९३९ रोजी, वयाच्या अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी ते निवर्तले. गज्जलसंग्रहाच्या नावात मात्र अरबी-फारसी गज्जल आणि संस्कृत अंजली यांचा संधी आजही तसाच आहे.