धर्मशाळेचा पत्ता कोण सांगणार? गाडगेबाबांचे काम आणि आपली जबाबदारी

गेल्या पावसाळ्यात अमरावती जिल्ह्यातल्या एका खेड्यातून एक कुटुंब उपचारासाठी मुंबईत आले. वडिलांना एका मोठ्या रुग्णालयात दाखल केले आणि आई व मुलगा समोरच्या फुटपाथवर प्लास्टिक अंथरून राहिले. अशा पाच रात्री गेल्या. सहाव्या दिवशी आमच्या एका कार्यकर्त्याला ते भेटले. तिथून पायी दहा मिनिटांवर रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा होती आणि रुग्णालयाच्या चिठ्ठीवर तिथे राहायला मिळत होते. हे त्या मायलेकांना पाच दिवसांत कुणीच सांगितले नव्हते. वॉर्डातल्या लोकांनी सांगितले नाही, दारावरच्या पहारेकऱ्याने सांगितले नाही. आणि खरे सांगायचे तर त्याच रस्त्याने आठवड्यातून दोनदा जाणाऱ्या आम्हीही सांगितले नाही.

त्या दिवसापासून आम्ही गाडगेबाबांचे चरित्र पुन्हा वाचायला घेतले. आपल्या चळवळीत बाबांचे नाव आदराने घेतले जाते. डिसेंबर महिन्यात त्यांच्या फोटोला हार घातला जातो, हातात झाडू घेऊन एक दिवस गल्ली झाडली जाते आणि विषय तिथेच संपतो. पण झाडू ही त्यांच्या कामाची फक्त सुरुवात होती. गरीब माणूस घराबाहेर पडला की त्याला कुठे टेकायला मिळेल, काय खायला मिळेल, आजारपणात कोण विचारेल, या प्रश्नांवर ते पन्नास वर्षे काम करत होते. आज आम्ही समाजकार्याच्या वर्गात ज्याला सार्वजनिक सहाय्य म्हणून शिकलो, ते या निरक्षर माणसाने पायी फिरून उभे केले.

देबूजी ते गाडगेबाबा

डेबूजी किंवा देबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म 23 फेब्रुवारी 1876 रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. आईचे नाव सखुबाई. वडील दारूच्या आहारी गेले आणि देबूजी लहान असतानाच वारले. आई मुलाला घेऊन माहेरी, मूर्तिजापूरजवळच्या दापुरे गावी आली. मामाच्या घरी देबूजी गुरे राखू लागला, पुढे शेतीत राबू लागला. शाळेचे तोंड त्याने पाहिले नाही.

याच घरात त्याने सावकारी पाहिली. मामाची जमीन कर्जाच्या कागदात अडकली. कागदावर काय लिहिले आहे हे घरात कुणालाच वाचता येत नव्हते, आणि अंगठा मात्र घेतला गेला होता. मामा या धक्क्यातून सावरले नाहीत. जमिनीचा ताबा घ्यायला आलेल्या सावकारासमोर देबूजी उभा राहिला. पण त्याच्या मनात कायमचे बसले ते वेगळेच. गरिबाला लुटायला हत्यार लागत नाही, त्याला वाचता येत नाही एवढे पुरते. पुढे कीर्तनात ते लोकांना सांगत की घरातली भांडी विका, हातावर भाकरी घेऊन खा, पण मुलांना शाळेत घाला. हे त्यांनी पुस्तकातून घेतले नव्हते. ते मामाच्या शेताच्या बांधावर शिकले होते.

1892 मध्ये कुंताबाईंशी त्यांचे लग्न झाले. मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू आणि मटणाचे जेवण द्यायचे होते. देबूजींनी गोड जेवण दिले. जातभाई रागावले, पण ते बधले नाहीत. कर्ज काढून सण करायचा आणि मग ते फेडत आयुष्य काढायचे, हे त्यांना मान्य नव्हते.

1 फेब्रुवारी 1905 रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांची गोधडी, हातात काठी आणि एक फुटके मडके. त्याच मडक्यात भाकरी घ्यायची, त्यातच पाणी प्यायचे. लोकांनी त्यावरूनच नाव ठेवले. गावात शिरले की कुणी पाहुणचार करायच्या आधी ते झाडू घेत आणि रस्ते, गटारे साफ करू लागत. संध्याकाळी कीर्तन. त्यात प्रश्न विचारायचे आणि लोकांच्याच तोंडून उत्तर काढून घ्यायचे, ही त्यांची पद्धत. नवसाला बकरा का कापायचा, कर्ज काढून तीर्थाला का जायचे, माणसाला शिवल्याने विटाळ कसा होतो, असे साधे प्रश्न. उत्तर देताना लोक स्वतःच हसत आणि त्या हसण्यात जुनी समजूत सैल होत असे.

धर्मशाळा कुठे बांधायची?

यात्रेच्या गावांमध्ये बाबांनी काय पाहिले? पैसेवाल्या यात्रेकरूला बडव्याच्या, पुजाऱ्याच्या वाड्यात खोली मिळे. गरीब शेतकरी नदीच्या वाळवंटात उघड्यावर झोपे. आणि अस्पृश्य म्हटल्या गेलेल्या माणसाला वाळवंटातही वेगळ्या कोपऱ्यात बसावे लागे. पंढरपुरात तर चोखोबांच्या वंशजांना मंदिराबाहेरूनच परत फिरावे लागत होते. ते दार साने गुरुजींच्या उपोषणानंतर 1947 मध्ये उघडले.

बाबा देवळात जात नसत. ते देवळाबाहेर पडलेल्या लोकांकडे पाहत. जिथे माणसे उघड्यावर पडलेली दिसली तिथे धर्मशाळा, हा त्यांचा हिशेब होता. विदर्भात पूर्णा नदीकाठी ऋणमोचन येथे लोक चिखलातून नदीत उतरत, म्हणून तिथे घाट बांधला. मग पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू, त्र्यंबकेश्वर अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या राहिल्या. अंध, अपंग, कुष्ठरोगी यांच्यासाठी अन्नछत्रे चालली. मूर्तिजापूरला काम सुरू झाले. मुंबईत जे. जे. रुग्णालयाच्या परिसरात रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा झाली.

मुंबईतली ही धर्मशाळा आम्हाला फार महत्त्वाची वाटते. तोपर्यंत धर्मशाळा म्हणजे तीर्थक्षेत्र असे समीकरण होते. गरीब माणूस आता देवापेक्षा डॉक्टरकडे जास्त येतो आहे, आणि रुग्ण आत खाटेवर असतो तेव्हा त्याची बायको, आई, भाऊ बाहेर रस्त्यावर असतात, हे बाबांच्या लक्षात आले. गरज जिथे सरकली तिथे त्यांनी आपले काम सरकवले.

पैसा लोकांकडून आणि धनिकांकडूनही आला. बाबा तो स्वतः हाताळत नसत, विश्वस्त नेमून हिशेब त्यांच्याकडे देत. धर्मशाळा लाखांच्या झाल्या, पण बाबा तिथे कोपऱ्यात किंवा बाहेर झाडाखाली झोपत आणि भाकरी मागूनच खात. आपल्या कुटुंबीयांचा या संस्थांवर हक्क नाही, हा दंडक त्यांनी पाळला. कुंताबाई साध्या झोपडीत राहिल्या. 1923 मध्ये मुलगा गोविंद वारला, ती बातमी पोचली तेव्हाही बाबा दूर कोकणच्या बाजूला कीर्तनात होते. कुंताबाईंनी या कामाची किती मोठी किंमत मोजली, हे चरित्रांमध्ये दोन ओळींत उरकले जाते. आपण तरी ते विसरू नये. पुरुष कार्यकर्त्याच्या त्यागाचा जयजयकार करताना घर कुणी सांभाळले, हा प्रश्न आपल्या चळवळीलाही विचारायला हवा.

जातीच्या नावाच्या धर्मशाळा

समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला इथे एक गोष्ट खटकते, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. बाबांच्या काही धर्मशाळा जातीच्या नावाने होत्या. पंढरपुरात मराठा धर्मशाळा होती आणि चोखामेळा धर्मशाळा वेगळी होती. आळंदीला परीट धर्मशाळा होती. जात मोडा म्हणून रात्री कीर्तनात सांगणारा माणूस दिवसा जातवार इमारती का बांधतो?

आम्हाला याचे उत्तर त्या काळाच्या व्यवहारात दिसते. एका छताखाली सगळ्यांना आणायचे म्हटले असते तर चोखामेळ्याच्या लेकरांना त्या छताखाली शेवटपर्यंत जागा मिळाली नसती. त्यांची स्वतःची पक्की इमारत असणे, तीही पंढरपूरसारख्या गावात, ही त्या दिवसांत मोठी गोष्ट होती. तरीही ती तडजोड होती हे मान्य करावे. वेगळी धर्मशाळा छत देते, समता देत नाही. समतेसाठी दुसरा लढा लागतो आणि तो बाबासाहेब लढत होते.

बाबासाहेब आणि चोखामेळा धर्मशाळा

दोघांचे मार्ग वेगळे होते. एक कीर्तनकार, एक कायदेपंडित. एकाने अक्षर गिरवले नव्हते, दुसऱ्याने कोलंबिया आणि लंडनमध्ये अभ्यास केला होता. बाबासाहेबांना पंढरपूरच्या वारीत आपल्या माणसांची मुक्ती दिसत नव्हती, उलट तिथे होणारा अपमान दिसत होता. गाडगेबाबा वारीच्या गर्दीत राहूनच तिची चिकित्सा करत होते. त्यांनी धर्मांतर केले नाही आणि त्यांना ओढूनताणून बौद्ध ठरवण्याची आपल्याला गरजही नाही. मतभेद असलेल्या माणसाचा आदर कसा करावा, हे या दोघांकडून शिकावे.

1949 मध्ये गाडगेबाबांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली, मुलांच्या वसतिगृहासाठी. ही सोसायटी बाबासाहेबांनी 1945 मध्ये स्थापन केली होती. आता या देण्याचा अर्थ नीट पाहा. देवाच्या दारातून परत फिरवल्या जाणाऱ्या माणसाला एक रात्र टेकता यावे म्हणून जी वास्तू बांधली, तीच त्याच्या नातवाला शिकण्यासाठी मिळाली. ज्याने पैसा पैसा जमवून ती बांधली, त्याने ती हातची सोडली, कारण तिचा याहून चांगला उपयोग करणारा माणूस त्याला दिसला. आज आपल्या गावोगावच्या मंडळांमध्ये विहाराच्या एका खोलीच्या चावीवरून भांडणे होतात. त्या भांडणांत 1949 ची ही गोष्ट कुणीतरी आठवून द्यायला हवी.

शिक्षणाच्या कामात त्यांनी कर्मवीर भाऊराव पाटलांनाही अशीच साथ दिली. रयत शिक्षण संस्थेने 1954 मध्ये कराडला काढलेल्या महाविद्यालयाला त्यांचे नाव आहे. 1952 मध्ये गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली आणि विखुरलेल्या संस्थांना एक छत्र मिळाले. आपण कुणाचे गुरू नाही आणि आपला कुणी शिष्य नाही, असे ते अखेरपर्यंत सांगत राहिले.

6 डिसेंबर 1956 रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्यानंतर चौदा दिवसांनी, 20 डिसेंबर रोजी, अमरावतीजवळ वलगाव येथे पेढी नदीच्या पुलावर गाडगेबाबांनी प्रवासातच देह ठेवला. त्या चौदा दिवसांविषयी आपल्याकडे खूप भावुक होऊन बोलले जाते. आम्हाला वाटते, त्याहून त्याआधीची पन्नास वर्षे समजून घ्यावीत.

आता आपण काय करायचे?

बाबांच्या काळात सोयी नव्हत्या, म्हणून त्या बांधाव्या लागल्या. आज चित्र थोडे वेगळे आहे. पुष्कळ सोयी कागदावर आहेत, काही प्रत्यक्षातही आहेत. गरजू माणूस आणि सोय यांच्यामध्ये जे अंतर आहे ते माहितीचे आहे, आणि खिडकीवरच्या वागणुकीचे आहे.

किती घरांना माहीत आहे की धर्मादाय रुग्णालयांना कायद्याने दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात? मोठ्या सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक नावाचे पद असते आणि पहिल्याच दिवशी त्यांना भेटावे, हे किती जणांना ठाऊक आहे? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा आरोग्यमित्र योजनेतल्या रुग्णालयात बसतो. निराधार, विधवा, दिव्यांग यांच्या मासिक सहाय्यासाठी संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात द्यायचा असतो. अनुसूचित जातीच्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळू शकतो. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी बाबासाहेबांच्या नावाची स्वाधार योजना आहे. शिकलेल्या कार्यकर्त्याला यातले निम्मे ठाऊक असते. फुटपाथवरच्या आईला यातले काहीच ठाऊक नसते.

म्हणून तरुण मित्रांनो, आमचा प्रस्ताव साधा आहे. प्रत्येक विहाराने आपल्या तालुक्याची एक वही करावी. जवळचे रुग्णालय, तिथे भेटायचे पद आणि खोली, धर्मशाळा आणि तिथे लागणारी चिठ्ठी, अन्नछत्राची वेळ, तहसीलमधले टेबल, समाजकल्याण कार्यालय, विधी सेवेचा पत्ता. नुसते इंटरनेटवरून उतरवू नये. बाबांसारखे पायी जाऊन पाहावे. आम्ही आमच्या भागात असे करायला घेतले तेव्हा यादीतले काही पत्ते बंद निघाले आणि कोणत्याही यादीत नसलेली दोन अन्नछत्रे सापडली. दर तीन महिन्यांनी वही तपासावी. रविवारच्या वंदनेनंतर दोन जणांनी वही घेऊन तासभर बसावे. जो येईल त्याची जात, धर्म, पक्ष विचारू नये. पहिल्यांदा त्याच्याबरोबर एक माणूस खिडकीपर्यंत जावा, कारण एकटा गरीब माणूस उद्या या म्हटले की परत फिरतो. बरोबर कुणी असले की तो उभा राहतो.

यामुळे सरकारची जबाबदारी कमी होत नाही. खाटा का रिकाम्या ठेवल्या, अर्ज का अडवला, हे विचारायचेच आहे आणि त्यासाठी वहीतली नोंद पुरावा म्हणून कामी येते. पण मोर्चा निघेपर्यंत त्या आईला आज रात्री झोपायला जागा हवी असते.

त्या कुटुंबाला सहाव्या रात्री धर्मशाळेत जागा मिळाली. जाताना मुलाने आमच्या कार्यकर्त्याकडून पत्ता पुन्हा कागदावर लिहून घेतला. फुटपाथवर शेजारी झोपणाऱ्या जळगावच्या माणसाला तो द्यायचा होता. आमची वही त्या कागदापासून सुरू झाली.

जय भीम!