सर जॉन लबक

सर जॉन लबक यांचा जन्म ३० एप्रिल १८३४ रोजी इंग्लंडात लंडन येथे झाला. त्यांच्या वडिलांची बँक होती.

जॉन आठ वर्षांचे होते तेव्हा वडिलांनी सांगितलं की तुझ्यासाठी एक आनंदाची बातमी आहे. जॉनला वाटलं आता आपल्याला तट्टू मिळणार. पण बातमी निघाली ती अशी की डार्विन नावाचे शास्त्रज्ञ जवळच्या गावात राहायला येणार. जॉन हिरमुसले. मला पण तट्टूच बरं वाटलं असतं. पण पुढं त्याच डार्विन यांनी त्यांना किडे बघायला शिकवलं. डार्विन यांच्या सांगण्यावरून वडिलांनी त्यांना सूक्ष्मदर्शक यंत्र घेऊन दिलं.

पंधरा वर्षांचे होण्याआधीच त्यांची शाळा सुटली व ते बँकेत कामाला लागले. तरी त्यांनी अभ्यास सोडला नाही. बँकेचं काम करून ते किडे तपासायचे.

त्यांनी स्प्रिंगटेल नावाच्या किड्यांचा फार अभ्यास केला. हे किडे ओल्या पालापाचोळ्याखाली असतात. पुष्कळसे तांदळाच्या कणीपेक्षाही लहान. त्यांच्या पोटाखाली बेचकीसारखी शेपटी दुमडलेली असते, ती एका आकड्यात अडकवलेली असते. आकडा सुटला की शेपटी जमिनीवर आपटते नि किडा टुणकन उडतो.

पूर्वी शास्त्रज्ञ या किड्यांना पुस्तकातल्या कसरीच्याच गटात घालत. लबक यांनी नीट बघून सांगितलं की हे वेगळे आहेत. कसरीला मागं तीन शेपट्या असतात, पण बेचकी नसते. स्प्रिंगटेलच्या पोटाला एक नळी असते, ती कसरीला नसते. म्हणून त्यांनी या किड्यांचा गट निराळा केला व त्याला कोलेम्बोला हे नाव दिलं.

पण खरी पंचाईत पुढंच आहे. स्प्रिंगटेलमध्ये काही गोल गोल असतात, वाटाण्यासारखे. ते सगळे सारखेच दिसतात. रंगावर जावं तर एकाच जातीत फिके नि गडद दोन्ही सापडतात. मग ओळखायचं कसं? लबक यांनी त्यांच्या मिशा पाहिल्या. मिशीला उसासारखी चार पेरं असतात. काहींचं शेवटचं पेर सर्वांत लांब, तर काहींचं अगदी आखूड. आखूडवाल्यांना त्यांनी १८६२ साली वेगळं काढलं. त्या गटाची नावं आता बदलली आहेत, पण आखूड पेराची खूण अजून चालते. आम्ही गुरुजींच्या भिंगातून एक किडा पाहिला, पण पेरं मोजायच्या आत तो उडाला. लबक यांनी किती धीर धरला असेल बघा!

१८७३ साली त्यांनी या किड्यांवर मोठं पुस्तक काढलं. त्यातली रंगीत चित्रं हॉलिक नावाच्या चित्रकाराने काढली. त्यांना ऐकू येत नव्हतं व बोलता येत नव्हतं. पण मिशीचं एकेक पेर त्यांनी बरोबर दाखवलं.

लबक खासदारही होते. १८७१ साली त्यांनी बँकांना सुट्टी देणारा कायदा करून घेतला, त्यामुळे लोक त्यांच्यावर फार खूश झाले.

त्यांची एक गोष्ट मात्र पुरती बरोबर निघाली नाही. पोटाची नळी चिकटण्यासाठी आहे असं त्यांना वाटलं, म्हणून नावातही डिंक या अर्थाचा ग्रीक शब्द घातला. पुढं कळलं की किडा त्या नळीने पाणी शोषतो. २८ मे १९१३ रोजी लबक वारले. नाव मात्र कोलेम्बोलाच राहिलं.