कॅप्टन स्मिथ आणि एक न जुळलेला हिशेब

इंग्लंडमधल्या हॅन्ली गावी एका कुंभाराच्या घरात २७ जानेवारी १८५० रोजी एडवर्ड स्मिथ जन्मले. पोराला ओढ मात्र पाण्याची. १८८० मध्ये ते व्हाइट स्टार कंपनीत शिरले आणि यथावकाश कॅप्टन झाले. धनिक प्रवासी त्यांचीच बोट पसंत करीत.

एप्रिल १९१२ मध्ये ‘टायटॅनिक’ त्यांच्या हाती आली. हिमनगांचे इशारे येत होते. वेग काही कमी झाला नाही. १४ तारखेच्या रात्री घात झाला. बोटीवर माणसे सुमारे २,२००, होड्यांत जागा १,१७८. सुमारे १,५०० जीव गेले. टपालाच्या ३,३६४ थैल्या बुडाल्या आणि त्या वाचवू पाहणारे पाचही टपाल कारकून. स्मिथही परतले नाहीत.

बँकेत हयात घालवलेल्या मला पुढचा हिशेब अस्वस्थ करतो. एका तैलचित्रासाठी लाख डॉलरचा दावा आला. एकूण दावे सुमारे १ कोटी ६० लाखांचे. १९१६ मध्ये तडजोड झाली ६ लाख ६४ हजारांवर. माणसे आणि सामान, दोन्ही त्यातच.

१९१४ मध्ये लिचफिल्डच्या बागेत स्मिथ यांचा पुतळा उभा राहिला. अनावरण केले लेकीने, हेलनने. मूळ पाटीवर शौर्याचा गौरव होता; ‘टायटॅनिक’चे नाव नव्हते.